नवमीचं लग्न

शुक्र. २० ऑगस्ट ९९
देव न मानणाऱ्या बाईला रोजनिशीत रोज ‘श्री.’ लिहावं लागतं. नवऱ्याचं नाव श्रीकांत, त्याला मी काय करू.
आमची मुक्ता आणि तिचा समीर संध्याकाळी लग्नाची तारीख घेऊनच आले. रजिस्टर लग्नाची नोटीस दिलेलीच आहे. कंपनी दोघांना अमेरिकेला पाठवतेय, तिथल्या कॉम्प्युटरांना सन २००० वाचता येत नाही म्हणे. ६ ऑक्टोबरला विमान. नोटिशीची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारसाहेब हॉलवर येऊ शकतील, असा रविवार एकच. ३ ऑक्टो.
कॅलेंडर काढलं. पितृपक्ष! हसूच फुटलं. तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले की मुहूर्त थोतांड आहे, आणि आता बिनमुहूर्ताचं लग्न आपण होऊन घरात चालत आलं.
श्री. हसला नाही. चष्मा लावून बारीक अक्षरातलं वाचलं. “अविधवा नवमी. आईची.” सासूबाई सवाष्ण गेल्या. दर नवमीला हा एक सवाष्ण बोलावून जेवायला घालतो. स्वयंपाक मी करते, पाया पडत नाही. असं आमचं जमलेलं आहे.
“तू मुद्दाम काढलास हा दिवस.”
नाही काढला. पण काढला असता, हेही खरं.

रवि. २२
शनिवार पेठेतला हॉल. एरवी वर्षभर आधी नाव घालावं लागतं. मॅनेजर पेपरातून डोकं वर न काढता:
“श्राद्धाला वरची खोली मिळते.”
“लग्न आहे.”
“बाई, कॅलेंडर बघा.”
“बघितलंय.”
मग त्याने पेपर खाली ठेवला. “हॉल रिकामाच आहे. वाजंत्रीवाले मात्र मिळायचे नाहीत, ते घाबरतात.”
वाजंत्री नकोच होती. नारळ न फोडता पावती घेतली.

शनि. २८
समीरच्या आईचा वर्ध्याहून फोन.
“काऊन हो ताई, पित्रात लग्न कोण करते? लोकं मला काय काय बोलून राहिले.”
मी सुरू झाले. सूर्य, चंद्र, तिथी म्हणजे निव्वळ गणित, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, “तुमचं खरं असन. मी येईन. तशी मी मांगंच उभी राहणार होती. लग्नकार्यात विधवेनं कायले पुढं पुढं करावं? पण पित्राच्या दिवसात तिथं जेवणार नाही. सही पाहीन आन निघीन.”
माझी सगळी उत्तरं सूर्याचंद्राची होती.
रात्री श्री. “मीही सहीपुरता येतो. मग घरी येऊन आईचं पान वाढतो. तिथे जेवणार नाही.”
मु.ने ऐकलं. माझ्या खोलीत आली. “आई, तुझा वाद तू जिंकलेला आहेस, मला माहितेय. मला फक्त बाबा आणि समीरची आई माझ्या लग्नात जेवायला हवेत. ते जमव.”
जमव म्हणे! हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं?

रवि. ५ सप्टें.
आचारी बंडूकाका. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी, दोनशे पानं. लिहून घ्या म्हटलं तर अपमान झाला. “वहिनी, डोक्यात आहे.”

मंगळ. १४
घरी गणपती. मूर्ती श्री.ची, मोदक माझे. (कळ्या माझ्यासारख्या पाडून दाखवा, मग नास्तिकांना नावं ठेवा.) आरतीच्या वेळी नेहमीप्रमाणे गॅलरीत. शालूवन्सं, म्हणजे श्री.ची बहीण, मागोमाग आल्या.
“बोलून बोलून एक दिवस पोरीवर काहीतरी ओढवून घेशील.”
“देव आहे ना? मग आई बडबडली म्हणून पोरीला शिक्षा करेल, इतका कोत्या मनाचा असेल का तो?”
वन्सं तरातरा आत निघून गेल्या. आतून श्री.ची आरती ऐकू येत होती, नेहमीसारखी बेसूर. वाद मी जिंकले. पण मु.ने सांगितलेलं काही जमत नाहीये.

गुरु. २३
कट्ट्यावर परांजपे. रोज संध्याकाळी देवाला उभा-आडवा धुणारा माणूस. निमंत्रण दिलं तर पत्रिका उलटसुलट करत राहिले.
“तत्त्वतः मी तुमच्या बाजूने. पण नवमीला आमच्याकडेही... आईचं... आमची ही ऐकत नाही हो.”
“तत्त्वतः या,” म्हटलं. “प्रत्यक्षात जेवायला या.”
आस्तिकांचा राग येत नाही मला. ते निदान उघड घाबरतात.

शुक्र. १ ऑक्टो.
समीरच्या आई आल्या. बारीक चणीच्या, डोळे समीरचेच. माझ्यासाठी वर्ध्याहून संत्र्याची बर्फी. भांडायला जागाच ठेवली नाही. श्री. पाच दिवस माझ्याशी मीठ-तेलापुरतं बोलतोय.

रवि. ३
क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल.
हॉलवर दीडशे तरी माणसं! पितृपक्षात दुसरं लग्नच नाही, कुणाला न येण्याचं निमित्तच सापडलं नसावं. रजिस्ट्रारसाहेब आले, सह्या झाल्या, हार घातले. समीरची आई खांबाआड. श्री. दाराजवळ, चपला घालूनच.
मग पहिली पंगत मांडली आणि वास आला. मी ओळखला, सगळ्यांनीच ओळखला. उडदाचे वडे, खीर, आमसुलाची चटणी, कढी. श्राद्धाचं पान! दोनशे!
बंडूकाका डोकं धरून. पंधरवडा लागल्यापासून त्यांची माणसं तीन ठिकाणी हेच रांधतायत. “रविवारी दोनशे पानं” एवढंच त्यांना सांगितलेलं. पितृपक्षात जिलबी लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.
बसलेली माणसं उठायला लागली. वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की, झालं ना आता. समीरच्या आईंनी तोंडाला पदर लावला. मु. हार घातलेली, पांढरीफटक. आणि माझी जीभ, जी देवाबापाला घाबरत नाही, ती टाळ्याला चिकटली. मला रडू येत होतं. उगाच का खोटं लिहू.
श्री. दारातून आत आला. चपला काढल्या.
“बसा सगळे. आज माझ्या आईची नवमी. सवाष्ण जेवायला घालायला मी घरी निघालो होतो. सवाष्ण इथेच आहे, आत्ताच झाली. मुक्ता, आजीच्या पानावर बस.”
मु. बसली. उठलेली माणसं पुन्हा पानांवर बसली.
मग माझी जीभ सुटली. “श्री., शेजारी अजून एक पान मांड. विहीणबाईंचं.”
वन्सं: “अगं, अविधवा नवमी आहे, त्या कशा...”
श्री.ने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मान्यही नाही, रागही नाही. मग स्वतः वाकून पान मांडलं. “माझ्या आईने कुणाला पानावरून उठवलं नव्हतं. या ताई.”
मी त्यांचा हात धरून खांबाआडून आणलं. बसल्या. सगळा हॉल बघत असताना त्यांनी पहिला घास घेतला. जरा वेळाने मुक्ताला हळूच, “वडे मस्त झाले हो बाई.”
मग काय! दोन पंगती, वडे संपले, पुन्हा तळले. परांजपे दुसऱ्या पंगतीला घाईघाईने आले, कपाळावर घरच्या श्राद्धाचं गंध तसंच. आज त्यांचं दुसऱ्यांदा तेच जेवण. मी मुद्दाम आग्रह करून चार वडे वाढले.
श्री. माझ्या शेजारी जेवला.
जिंकले. जिंकलो. काय लिहायचं ते उद्या ठरवीन. आज मी फार खूश आहे.

बुध. ६
पोरं गेली. विमानतळावरून परतताना श्री. गाडीत म्हणाला, “आई जेवून गेली बघ.” मी म्हटलं, “वडे बंडूकाकांचे होते.” दोघंही हसलो. पुण्यापर्यंत वाद घातला, बरं वाटलं.

रवि. ९ जाने. २०००
सन दोन हजार उजाडलं, कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. मु. फोनवर खुशीत. तिच्या सासूबाई उन्हाळ्यात तिकडे जाणार. पासपोर्टला अर्ज केलाय, एकट्याने जाणार म्हणतात. हे लिहून मी दोनदा वाचलं, बरं वाटतं म्हणून.

शनि. १५
हॉलचा मॅनेजर बाजारात भेटला. “तुमच्यामुळे येत्या पितृपक्षाला दोन लग्नांची नावं आलीत आत्तापासून.” पेढाच द्यायला हवा होता त्याला. तीस वर्षं घसा कोरडा केला त्याने जे झालं नाही, ते दोनशे पानांनी झालं. घरी येऊन श्री.ला तीनदा सांगितलं.

रवि. १६
सकाळी शालूवन्संचा फोन. त्यांच्या धाकट्याचं लग्न यंदा करायचंय. “पितृपक्षातच काढू म्हणते. नवमीच हवी. मुक्ताचं कसं सोन्यासारखं झालं! पितर जेवून गेले की संसाराला काही कमी पडत नाही, सगळे म्हणतात. आणि पान आपल्या आईचंच लावायचं, तू वाढायचं, तुझ्या हाताला यश आहे.”
म्हटलं, विचार करून सांगते.
काय सांगू? पितृपक्षाची भीती गेली, हे खरं. मुहूर्त गेला नाही, नुसता जागा बदलून बसला, हेही खरं. नको म्हणावं तर पंधरवडा पुन्हा अशुभ. हो म्हणावं तर मी पुरोहित.
श्री. देवाशी बसलाय. सगळं ऐकलंय त्याने. खांदे हलतायत, म्हणजे हसतोय.
आत्ता परत फोन वाजतोय. आतून ओरडला, “घे, तुझ्याच नवमीचा असणार!”