स्टेपनीचं टोपडं

७ जानेवारी १९६२
गाडी आली! बेळगावच्या लिलावातली, लढाईच्या वेळची अँब्युलन्स. मेव्हणा विश्राम चालवत घेऊन आला. मी स्वतः चालवत नाही. मालकानं चालवायची नसते. आत झोपायला दोन फळ्या, स्टोव्हला कोनाडा, कळशीला कडं. मी गाडीचं नाव 'फिरतं बिऱ्हाड' ठेवलं. आमची मंडळी तिला 'हॉस्पिटल' म्हणते.

महाशिवरात्र ४ मार्चला. त्या दिवशी कुणकेश्वर! मी टायफॉईडनं आडवा होतो तेव्हा हिनं नवस बोलला होता, की हे उठले तर जोडीनं येऊन अभिषेक करीन. मी उठलो. त्याला आता नऊ वर्षं झाली. दर शिवरात्रीला काहीतरी आडवं आलं, एकदा तर मांजर. ही दर वर्षी विचारते, मी दर वर्षी पुढल्या वर्षी म्हणतो. यंदा मात्र शब्द दिला आहे. देवाचं देणं फिटेपर्यंत हिच्या जिवाला चैन नाही.

गाडीत खोट एकच. मागच्या दाराला बाहेरून स्टेपनी टांगलेली आहे, ती उघडी. पेठेतून येताना लोक गाडीकडे नाही, तिच्याकडेच बघत होते. उभ्या नोकरीत मी एक फाईल उघडी ठेवली नाही. हेडक्लार्क उगाच झालो नव्हतो. स्टेपनीला कव्हर पाहिजे.

विश्राम म्हणाला, भावजी, ही स्टेपनी पंक्चर आसा, आधी ता बघूया. मी म्हटलं, पंक्चर आत असतं, ते कोणाला दिसतं? आधी कव्हर.

११ जानेवारी
खाकी कापड लावून पाहिलं. पोलिसांची गाडी वाटते. नापसंत.

मेणकापड लावून पाहिलं. सकाळी फारच झकास दिसत होतं. दुपारच्या उन्हात रबराला चिकटलं. आता सोलून काढावं लागतं आहे.

ही म्हणाली, जुनी गोधडी कापून बांधा. मी म्हटलं, स्टेपनी म्हणजे काय तान्हं मूल आहे?

१६ जानेवारी
गोणपाटाचं सँपल. शेजारच्या शेळीनं खाल्लं. म्हणजे माल चांगला होता.

पंक्चर : नंतर.

२२ जानेवारी
सुचलं! शिडाचं कापड! वारा खातं, खारं पाणी सोसतं, त्याला स्टेपनीचं काय ओझं? देवबागला गेलो आणि होडीचं जुनं शीड घेऊन आलो. कापड पहिल्या प्रतीचं आहे. वास बांगड्याचा आहे. हिनं शिकेकाईनं धुतलं, मग रिठ्यानं धुतलं, मग नाक मुरडून माडाला बांधून ठेवलं. आता वास फक्त वारा पडला की येतो.

हिनं विचारलं, शिवरात्रीक जातलंव ना? मी म्हटलं, कव्हरावाचून काय अडलंय दुसरं?

२५ जानेवारी
लवू शिंप्याकडे गेलो. त्याला कव्हर म्हणजे काय ते कळेना. उशीचा अभ्रा का, म्हणाला. म्हटलं, अभ्रा नव्हे रे बाबा, गोल असतं, काठाला दोरी असते, वर घट्ट बसतं. शेवटी सोप्यातला सोपा शब्द वापरला. एक टोपडं शिवायचं आहे, म्हटलं. तेव्हा चटकन समजला. शब्द नेमका असला की काम होतं.

घेर सव्वासात फूट सांगून आलो. दुकानात काशीबाई पोलकं घ्यायला बसली होती. माझ्याकडे बघून हसली. हल्ली लोकांना माझ्याबद्दल आदर वाटतो.

२७ जानेवारी
शेजारणींची एकाएकी रीघ लागली आहे. कोणी कैरीचं लोणचं आणलं, कोणी आमसुलं. एकीनं हिला कळशी उचलू दिली नाही. मला पाहिलं की सगळ्या पदर तोंडाला लावतात. मी दोनदा लोणचं मागून घेतलं. उत्तम आहे.

२८ जानेवारी
घोटाळा उघड झाला. काशीबाईनं गावभर सांगितलं की कोचरेकरांनी टोपडं शिवायला टाकलं. घेर कोणी ऐकलाच नाही! अर्धवट माहितीवर लोक कसे विसंबतात!

हिचं वय एक्कावन्न. थोरली मुलगी सुगंधा हिला दोन मुलं आहेत. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आता माका बावडीर जावक तोंड उरला नाय. मी समजूत घातली, की माझी स्वतःची पत त्यामुळे वाढलीच आहे. त्यावर पितळेचं काहीतरी जोरात आपटलं.

रात्री जेवण वाढलं नाही. लोणचं होतं.

६ फेब्रुवारी
टोपडं, म्हणजे कव्हर, शिवून आलं. लवूनं काठाला दोरी ओवली आहे. ओढायची आणि गाठ मारायची. लावून पाहिलं. खालच्या अंगाला सुरकुती! लवू म्हणाला, दोरयेक सुरकुती येतलीच. मी म्हटलं, मग दोरी नको. चाकावर चढवून जागच्या जागी शिवून टाक.

तो म्हणाला, मगे काढतलास कसां? मी विचारलं, काढायचं कशाला? घालायला शिवतोय ना?

लवूनं जाळ्याच्या सुतानं दुहेरी टाके घातले. आता ढोलकं वाजवावं इतकं ताठ बसलं आहे. मी वाजवूनही पाहिलं.

विश्राम येऊन बघून गेला. आत ता पंक्चर तसांच आसा मां, म्हणाला. ह्या माणसाला सौंदर्यदृष्टी म्हणून नाही.

१५ फेब्रुवारी
कोरं कव्हर बरं दिसत नाही. काहीतरी लिहायला हवं. ही म्हणाली, 'श्री कुणकेश्वर प्रसन्न' लिवा. पण ते कोणीही लिहील. गाडी कोणाची हे मागच्याला कळायला नको? मागून बघणारा माणूस तेवढंच वाचणार.

मजकूर पक्का केला : 'श्री. सदानंद वामन कोचरेकर, हेडक्लार्क (निवृत्त), मालवण'. मधोमध नाव, भोवती गोल वेल.

पेंटर मिळत नाही. निवडणूक आहे, सगळे भिंती रंगवायला गेले आहेत. देशाची कामं अशी अडून बसतात.

२६ फेब्रुवारी
पेंटर मिळाला. नाव फारच सुरेख आलं. 'निवृत्त'ला जागा पुरली नाही म्हणून गाळलं. तेही बरंच झालं.

हिनं नाव बोटानं हळूच चाचपून पाहिलं. म्हणाली, बरां दिसता. मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिला माझं पहिल्यांदाच काही आवडलं.

३ मार्च
सगळी तयारी झाली. पाच नारळ, बेल, दूध, उकडलेली रताळी, आडाळो, म्हणजे हिची नारळ खोवायची विळी. हिनं लग्नातलं नेसूचं काढलं आहे. दोनदा उघडून बघितलं, दोनदा ठेवलं. मला म्हणाली, उद्या तरी मांजराक घराबाहेर सोडू नकात.

पंक्चर : कुणकेश्वराहून आल्यावर, पहिलं काम.

४ मार्च, महाशिवरात्र
पहाटे निघालो. शेजारच्या म्हाताऱ्या आनंदीबाईंनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ही जोडी सुखान ने आणि सुखान परत हाड. आम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणालो. त्यात नुसती जोडी म्हटली, गाडी म्हटली नाही. मला तेव्हाच खटकलं होतं.

मध्ये खाड्या, म्हणून कणकवलीवरून फेरा. ही पुढे विश्रामशेजारी. मी मागच्या फळीवर झोपून प्रवासाचा अनुभव घेत होतो. शिरगाव मागे पडलं आणि ढाम् झालं. मी फळीवरून कळशीत. मागचं डावं टायर फाटलं होतं.

विश्राम म्हणाला, स्टेपनी काढा. मी म्हटलं, थांब. टाके एकेक उसवू, कापड तसंच्या तसं राहील. हिच्या अंबाड्यातला आकडा घेतला आणि बसलो. लवूचं काम मजबूत आहे. ऊन चढेपर्यंत अडीच टाके निघाले.

तेवढ्यात कुणकेश्वरचा यात्रेकरूंचा ट्रक आला. दोघांची जागा होती. ही म्हणाली, चला, गाडयेकडे विश्राम रवतलो. मी म्हटलं, आणि कव्हर? माझं नाव, गाव, हुद्दा सगळं त्याच्यावर आहे. असं रस्त्यावर सोडून जाऊ? कोणी खरवडलं तर? ट्रकवाला भोंगा वाजवत होता. ही म्हणाली, नवस जोडयेचो आसा हो. एवढंच म्हणाली. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबायला सांग.

ती गाडीकडे वळली. टोपलीतून आडाळो काढला, रस्त्यावर ठेवला, पुन्हा उचलला आणि त्याच्या पात्यानं सरासर टाके कापले. मला वाटलं, स्टेपनी मोकळी करून देते आहे. बायको असावी तर अशी! तिनं कव्हर काखेत मारलं आणि ट्रकवर चढली. ट्रक गेला.

विश्रामनं स्टेपनी अंगठ्यानं दाबली. अंगठा आत गेला. पंक्चर आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे मला धक्का बसला नाही. विश्रामलाही बसला नाही. तो चाक लोटत शिरगावच्या दिशेनं निघून गेला.

मी गाडीत बसून आहे. रताळी संपली. उघडी गाडी अगदी भिकार दिसते.

५ मार्च
मी अजून गाडीतच. ही परत आली, त्याच ट्रकनं. कपाळाला भस्म, चेहरा टवटवीत. मी आधी विचारलं, कव्हर कुठे आहे? तिनं दिलं. मधोमध माझ्या नावावर गंध, अक्षता, बेलाचं पान. दुधाचे डाग.

हकीगत अशी. भटजींनी विचारलं, यजमान कुठे? हिनं शेजारच्या पाटावर कव्हर ठेवलं, नाव समोर करून. भटजी म्हणाले, यजमान नसले तर सुपारी ठेवायची रीत आहे. ही म्हणाली, सुपारयेर नाव खंय लिवलेला असता? भटजींनी वाचून पाहिलं आणि कबूल झाले. कापलेल्या सुताला पदराची गाठ मारली, संकल्पात माझं नाव घेतलं, जोडीनं अभिषेक झाला. नवस फिटला.

मी विचारलं, कव्हर नीट बसलं होतं का? ती म्हणाली, एकदम गप. मधी मधी बोलला नाय, घाय केली नाय, भटजींच्यो चुको काढल्यो नाय. असो यजमान बघूक नाय, असां भटजी म्हणाले.

प्रसाद मागितला. तो कव्हराच्या वाट्याचा होता आणि तिथंच वाटून टाकला, म्हणाली.

वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. नवस माझ्या जिवासाठी होता, आणि मी शिरगावच्या रस्त्यावर रताळी खात बसलो होतो. अर्थात पेंटरनं नाव इतकं ठळक काढलं नसतं तर हे घडलंच नसतं. चूक त्याची आहे.

९ मार्च
विश्रामनं पंक्चर काढून घेतलं. ती स्टेपनी फाटक्या टायरच्या जागी लावून गाडी घरी आणली. म्हणजे आता गाडीला स्टेपनी नाही. मागचं दार मोकळं. झाकायला काही उरलेलं नाही.

कव्हर परत मागितलं, तर ही देईना. एकदा देवापुढे बसलेलं चाकाला लावायचं नाही म्हणते. देवघराशेजारी पाटावर ठेवलं आहे. सकाळी त्याला एक फूल असतं. मला चहा उशिरा मिळाला.

संध्याकाळी ही निवडत बसली होती. बराच वेळ तिच्यासमोर घुटमळलो. मग म्हटलं, पुढल्या शिवरात्रीला एस.टी.नं जाऊ. कव्हर नको, काही नको. आपण दोघंच.

तिनं सुपातून खडा काढून अंगणात टाकला. म्हणाली, तुमका जावचा आसात तर जावा. आमी दोघां जावन इलंव.