क्ष बरोबर तीन

चिऊ,

दोनदा दार वाजवलं, तू कडी काढली नाहीस. पहिल्या पाळीची वेळ झाली, म्हणून चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. पेपरला निघण्याआधी वाच.

कालचं ते अपूर्णांकाचं समीकरण आत्ता उभ्या उभ्या पुन्हा सोडवलं. दोन्ही बाजूंना छेदाने, म्हणजे क्ष वजा तीनने गुणलं, आणि क्ष बरोबर तीनच आलं. पण या वेळी ते तीन मूळ समीकरणात घालून पाहिले, तर छेदच शून्य झाला. म्हणजे ते उत्तर चालतच नाही. तू 'उकल नाही' लिहिलं होतंस, तेच बरोबर होतं. मी आरडाओरडा करून तुला ते खोडायला लावलं आणि वर वहीचं पानही फाडलं.

पान चिकटवून टेबलावर ठेवलंय. लेथवर दोनदा माप घेतल्याशिवाय मी हत्यार लावत नाही, घरी मात्र आधी तोंड सुटतं.

आईला उठवू नकोस. तीही कालपासून माझ्याशी बोललेली नाही. काहीतरी खाऊन जा.

पेपरात असं गणित आलं, तर तुला पटेल तेच लिही. माझा कालचा आवाज कानात आला तरी खोडू नकोस.

बाबा