अपमान होऊ नये म्हणून

मास्तर, न्यूझीलंडवाले शेवटी ती मालिका हरले. तुम्हाला ते कळलं नाही, कारण शेवटच्या सामन्याच्या थोडे दिवस आधी तुम्ही गेलात. निकालाचं वर्तमानपत्र नेहमीसारखं दोन दिवस उशिरा एस.टी.नं अंबडला आलं. मी ते स्टँडवरच उघडलं, चार ओळींची बातमी वाचली आणि सवयीनं तुमच्या घराकडे निघालो. चावडीपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की वाचून दाखवायला आता कोणी नाही. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आज मी मोठा आहे. एवढ्या वर्षांत हजारो माणसांपुढे बोललो, मंत्र्यांना तोंडावर सुनावलं, पण तुम्हाला जे सांगायचं होतं तेवढं राहून गेलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तो उन्हाळा. खोकल्यानं तुम्ही खाट धरली होती. मी तुमचाच विद्यार्थी, तुमच्याच शाळेत मास्तर झालेला, सुटीचे दिवस म्हणून रोज ऊन उतरलं की पेपर घेऊन यायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकता. मधेच हात वर करता, म्हणजे तेवढा मजकूर पुन्हा वाचायचा. खेळाचं पान आपण कधी वाचत नव्हतो. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "मागचं पान बी वाच. मरायच्या आधी एकदा तरी सगळा पेपर वाचून काढू." तिथं ती बातमी होती. न्यूझीलंडचा रग्बीचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या लांबलचक दौऱ्यावर निघाला होता आणि त्यात माओरी, म्हणजे त्या बेटांवरच्या मूळच्या लोकांपैकी, एकही नव्हता.

रग्बी म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही उशाजवळचा शब्दकोश उघडायला लावलात. त्यात 'चेंडूचा एक खेळ' एवढंच होतं. मग तुम्हीच सांगितलंत, हैदराबादेत शिकायला होतात तेव्हा सिकंदराबादेत गोऱ्या पलटणीतले सोल्जर तो खेळताना तुम्ही पाहिले होते. "चेंडू बदामासारखा लांबट. तो बगलेत मारून पळायचं, अन् समोरच्यानं अंगावर पडून दाबायचं."

"म्हंजे हुतुतूच की," मी म्हणालो.

"बराबर. फक्त दम धरायचा न्हाई, अन् चड्डी जरा बरी असती."

तुम्ही हसलात आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर मी पुढचं वाचलं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांबरोबर काळ्यांना खेळू देत नाहीत. आपल्या माओरी गड्यांना तिथं नेऊन त्यांचा अपमान होऊ द्यायचा नाही, म्हणून त्यांना घरी ठेवलं, असं न्यूझीलंडच्या रग्बीवाल्यांचं म्हणणं होतं. तुम्ही हात वर केलात. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. "वा," तुम्ही म्हणालात, "दया आली म्हणायची." मग आढ्याकडे बघत म्हणालात, "सोपं होतं रे. आमच्या गड्यायला येऊ देत न्हाई, तर आम्ही बी येत न्हाई, एवढं एक कार्ड टाकायचं."

तुम्हाला तसं म्हणायचा अधिकार होता. मी धनगराचा पोर, मेंढरांमागून उचलून तुम्ही मला शाळेत आणलंत, आणि पहिल्याच महिन्यात एका दुपारी जेवायला घरी नेलंत. तुमची आई चुलीपुढे बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि पान बाहेर पडवीत वाढलं. तुम्ही आपलं ताट उचललंत, बाहेर आलात, माझ्यासमोर मांडी घालून बसलात आणि भाकरी मोडलीत. आतून म्हातारी म्हणाली, "अरे, तू तरी आत बस." तुम्ही म्हणालात, "इथं वारं चांगलंय, आई." एवढंच. मी पुढं जी भाषणं केली त्यांतलं सगळं त्या पडवीत होतं. तुम्ही मात्र ते न बोलता केलंत.

त्या बातमीवर मी बाजाराच्या दिवशी बोललो. वेशीजवळ कापड दुकानदार शेटजींनी त्यांच्या ओट्यावर उभं राहू दिलं होतं. दक्षिण आफ्रिकेत दोनच महिन्यांपूर्वी पोलिसांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या, तिथपासून सुरुवात केली आणि त्या दौऱ्यावर आलो. अपमान होऊ नये म्हणून ज्याला मागं ठेवता त्याचा पहिला अपमान तुम्हीच केलेला असतो, असं म्हणालो. माझा आवाज तेव्हा मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. टाळ्या थांबेनात. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढेच तो होता.

तो म्हणजे आपल्या हुतुतूच्या संघातला चढाईचा गडी, मांगवाड्यातला. तुमचाच. शाळेत बसायचं वय निघून गेलेलं असताना संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसवून तुम्ही त्याला अक्षरं शिकवलीत, आणि पळताना पाहिलं तेव्हा मैदानात उतरवलंत. तालुक्यात त्याला धरणारा गडी नव्हता. तुम्ही आजारी पडल्यावर संघ माझ्याकडे आला. भाषण संपल्यावर तो जवळ आला आणि त्यानं विचारलं, "भाऊ, त्ये माओरी लोक खेळत्यात का चांगलं?"

"लई चांगलं खेळतात म्हणे."

"मंग त्यायला सोडून गेले तर हारत्याल की हे," तो म्हणाला आणि विडी काढली.

त्याच आठवड्यात मंठ्याच्या पलीकडच्या एका गावाहून सामन्यांच्या आमंत्रणाचं कार्ड आलं. नव्या राज्याच्या आनंदात तिथं तीन दिवसांची स्पर्धा ठेवली होती. आपल्या संघाचा पहिलाच दौरा. मुख्य गोष्ट अशी होती की तिथं फौजदारसाहेब बसणार होते आणि चांगले गडी बघून पोलीस भरतीसाठी त्यांची नावं घेणार होते. भरतीसाठी तो आधीपासूनच, दोन महिने, पहाटे पळत होता. त्याचा बाप हलगी वाजवायचा आणि म्हणायचा, माझ्या पोरानं दुसऱ्याच्या दारात वाजवू न्हाई, बस. खाकी कपडे मिळाले तर हे साधणार होतं. हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी तो स्टँडवर सगळ्यांच्या आधी आला होता. धुतलेला सदरा, पिशवीत चड्डी आणि भाकरीचं फडकं. बापही पोचवायला आला होता, जरा लांब लिंबाखाली उभा. मी त्याला बाजूला घेतलं. अजून ते ऊन दिसतं मला, बसच्या टपावर चढून बिछाने बांधणारा माणूस दिसतो. मी म्हणतो, "तुला यावेळी येता येणार न्हाई. तिकडच्यांनी कळवलंय, असा गडी आणू नका म्हणून." मग मी ते वाक्य बोलतो. "तिथं गेल्यावर पंगतीला, पाण्याला तुझा अपमान व्हायचा. तो होऊ नये म्हणून म्हणतो."

वेशीजवळ बोलून मला आठ दिवसही झाले नव्हते.

तो म्हणाला, "मी पंगतीला न्हाई बसत, भाऊ. भाकरी आणली मी." पिशवी उघडून दाखवायला लागला. मी म्हणालो, तसं बरं दिसत नाही. तो म्हणाला, "खेळायला तर देत्याल?" मी बसमध्ये चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा तो बापाकडे चालत होता आणि बाप पुढे येऊन पिशवी त्याच्या हातातून घेत होता.

स्पर्धा आपण जिंकलो. माणसं म्हणतात पाप केलं की हरतो. आम्ही ढाल घेऊन आलो. आपल्या दोघा गड्यांची नावं फौजदारांनी लिहून घेतली, दोघंही पुढे जमादार होऊन निवृत्त झाले. गावानं हार घातले, मी बोललो, आणि ढाल तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही ढालीला हात लावला नाहीत.

"चढाईला कोण होतं?"

मी सांगितलं. तिकडच्यांनी कळवलं होतं, असंही सांगितलं.

"कार्ड दाखव."

"हरवलं, मास्तर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमची नजर तेव्हा अधू झाली होती, पण मी खाली पाहिलं. "त्याला पंगतीत वर घेत न्हाईत, बरं," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला खाली बसता आलं असतं का न्हाई? तू तर बिलकुल बसायला पाहिजे होतंस. तुला कुणी शिकवायची गरज न्हवती." मग भिंतीकडे कूस वळवलीत. मी पेपर वाचायला घेतला तर म्हणालात, "आज नको."

त्यानंतरही मी येत राहिलो आणि तुम्ही ऐकत राहिलात, पण हात वर केला नाहीत. दौऱ्याच्या बातम्या येत होत्या. एक सामना हरले, एक जिंकले, एक बरोबरीत गेला. मी खेळाचं पान आधी वाचायचो, जणू त्या लोकांना शिव्या दिल्या की आपलं कमी होईल. एकदाच तुम्ही विचारलंत, "मागं ठेवलेल्या गड्यांनी काय केलं, ते लिवलंय का कुठं?" लिहिलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तुम्ही तो शब्दकोश माझ्या हातात दिलात. मला वाटलं, माफ केलंत. आज तसं वाटत नाही. तुमच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं आणि घ्यायला समोर मीच होतो.

आता जे राहिलं ते लिहितो. कार्ड हरवलं नव्हतं. ते त्या शब्दकोशात आहे, जिथं आपण रग्बी शोधलं त्याच पानात. मीच नंतर ठेवलं. त्यावर लिहिलंय की आपला संघ घेऊन अवश्य यावे, उतरण्याची सोय शाळेत केली आहे, जेवणाची पंगत मारुतीच्या पारावर होईल, फौजदारसाहेब हजर राहतील. खाली सही. आणू नका असं त्यात कुठंच नाही. मारुतीचा पार एवढंच वाचून मी बाकीचं मनानं लिहिलं. आपल्याकडे कुणाला तोंडानं नाही म्हणावं लागत नाही. आपण आधीच ओळखून मोकळे होतो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. उलट टपाली विचारता आलं असतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि 'हो' आलं असतं तर पाराखाली त्याच्याशेजारी बसावं लागलं असतं, माझ्याच सात गड्यांसमोर. मला ते नको होतं. मेंढरांमागून मी पारावर चढलो होतो. पुन्हा खाली उतरायची माझी तयारी नव्हती.

तिथं पोचलो त्या दुपारी पंगत बसली. पारावर एक ओळ, खाली लिंबाच्या सावलीत दुसरी. खालच्या ओळीत त्या गावच्याच संघातले तिघं बसले होते, खेळायच्या कपड्यांत. जेवून उठले आणि मैदानात उतरले. कोणी काही म्हणालं नाही. ती दुसरी ओळ असायला नको होती, हे मी हजार वेळा बोललोय आणि ते खरंच आहे. पण त्या ओळीतून मैदानात जायला वाट होती. स्पर्धा भरवणारा म्हातारा पाटील पान वाढता वाढता मला म्हणाला, "तुमचा त्यो नामी गडी न्हाई आणला? फौजदारसाब त्याचंच नाव इचारून राह्यले सकाळधरनं."

मी म्हणालो, त्याला ताप आलाय.

तो पुन्हा मैदानात उतरला नाही. दिवाळीनंतर विहिरी खोदायच्या कामावर गेला, आणि दुसऱ्या वर्षी सुरुंग आधीच उडाला तेव्हा दगडानं त्याचा उजवा पाय घोट्यातून गेला. त्याच्या बापानं म्हातारपणापर्यंत हलगी वाजवली. आणि मी न्यूझीलंडच्या त्या दौऱ्यावर जालन्यात बोललो, औरंगाबादेत बोललो, परभणीत बोललो. 'पहिला अपमान तुम्हीच केलेला असतो' हे वाक्य आलं की टाळ्या हमखास पडायच्या. वीस वर्षं मी ते वाक्य वापरलं. ते खरं होतं म्हणून वापरलं, आणि मला ते इतकं चांगलं का म्हणता येतं हे कुणी विचारलं नाही म्हणूनही.

हे पत्र शब्दकोशात त्या कार्डाशेजारी ठेवणार आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. तो इथंच आहे, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. सकाळी काठी टेकत पेपर आणायला जातो, भेटला की "बरंय ना भाऊ" म्हणतो. तिकडच्यांनीच आणू नका म्हटलं होतं, असं तो अजून समजतो. त्याला वाचता येतं, मास्तर. तुम्हीच शिकवलंय.