डावा गुडघा विरुद्ध उजवा गुडघा

चि. प्रणालीस वामनकाकाचे अनेक आशीर्वाद.

जठारपेठेत तुझा दवाखाना जोरात चालत असेल (लोकांच्या आजारपणात जोर मागू नये, पण तुझ्यापुरता मागतो). आम्ही अमरावतीत क्षेमकुशल, म्हणजे माझे दोन्ही गुडघे ठणकतात आणि तुझ्या काकूने बीपीची गोळी सोडून वलगावच्या एका बुवाचं चूर्ण धरलं आहे. शेजारच्या नीलमला गुण आला, हा तिचा पुरावा. जन्मभर वकिली केलेल्या माणसाच्या घरात ऐकीव पुरावा चालतो, याहून नामुष्की कोणती?

मागे एकदा तू फोनवर सांगितलंस की औषधाचा निवाडा तीन गोष्टींवर करायचा: नीट तुलना करून झालेले अभ्यास, डॉक्टरचा अनुभव आणि तिसरी. तिसरी ऐकण्याआधीच मी उत्साहाने फोन ठेवला, कारण तुलनेला लागणारे दोन्ही पक्षकार माझ्याच पायजम्यात हजर होते. एका गुडघ्याला त्याच बुवाचं तेल, दुसऱ्याला साधं शेंगदाण्याचं. कोणत्याला कोणतं, ते फक्त काकूला ठाऊक (वासावरून कळण्याची भीती नाही, माझं नाक बारमाही बंद असतं). करार असा की, फरक दिसला नाही तर बुवा खोटा आणि काकूने गोळी सुरू करायची.

काही दिवसांत दोन्ही गुडघे सारखेच हलके झाले. मी निकाल जाहीर केला. काकू भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोन्हीले बुवाचंच लावलं मी. एका पंगतीत एकाले तूप वाढाव अन् दुसऱ्याले कोरडं ठेवाव, हे माह्यानं होत नाई." साध्या तेलात तिने पोहे केले होते. ते मीच दोनदा मागून खाल्ले.

पण मी हटणार नाही. खटला नव्याने चालेल. या खेपेला बाटल्या नीलम भरेल, तेल मी स्वतः लावीन. काकूच्या पोटात गोळी गेल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. मला तिची काळजी वाटते, हे तुला म्हणून सांगतो.

तुझा,
वामनकाका

ता. क. वरचा मजकूर काकूला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गोळी घेतली का उठताना डोयापुढं अंधारी ये. मोरीत एक डाव पडता पडता वाचली. काहून सोडली, हे तुमी मले कधी इचारलं काय?"

ता. ता. क. खटला रद्द. रविवारी बीपीचं यंत्र घेऊन ये आणि गोळी बदलता येते का ते पाहा. आल्या आल्या अभ्यासांचं नाव काढू नकोस, आधी तिचं ऐकून घे. मी फोन ठेवला तेव्हा तिसरी गोष्ट तू हीच सांगणार होतीस ना?