बाहेरचं सील

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून तुला वाटेल, म्हाताऱ्याला हे काय नवीन सुचलं. पण फोनवर तू 'जेवलात का' विचारतेस, मी 'जेवलो' म्हणतो आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. आई बरी आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. वर्कशॉपमधल्या तुझ्या स्टुलावर मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तू सहज म्हणालीस, स्कूटर आवाज करते म्हणून गॅरेजात टाकली, स्वतः उघडायला नको, उगाच कुणाचा पाय मोडायचा. तू हसलीस. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

आज तोच पाय मोडलेला नाववाला आला होता. अजून लंगडतो. दुसरी मोटर आणली होती, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्याची सीलं बदलायला. दोन रबरी कड्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीचा ओठ आत, तेल धरायला. दुसरीचा बाहेर, पाणी अडवायला. पाठीला पाठ लावून बसवायच्या. मी जन्मभर गाड्यांची इंजिनं केली, तिथे फक्त तेल अडवायचं असतं. त्याच्या नावेची पहिली मोटर आपल्याकडे आली तेव्हा तू जमिनीवर मांडी घालून तिचं पुस्तक वाचत बसलीस आणि मी म्हणालो, पुस्तक वाचून पोहायला शिकणार का.

चार वर्षांपूर्वी भर पाण्यात त्याच मोटरचे गिअर अडकले, नाव खडकावर गेली, पाय मोडला. आपण गिअरबॉक्स उघडला तेव्हा पाणी शिरून तेलाचा दुधाळ चहा झाला होता. दोन्ही सीलांचे ओठ आत. मी चार लोकांदेखत म्हणालो, पोरीच्या हातचं काम, माझं लक्ष नव्हतं. तू सीलांकडे पाहिलंस, मग बराच वेळ आपल्या हातांकडे. प्रत्येक पाना पुसून खिळ्याला अडकवलास आणि गेलीस. आता ऑफिसात बसतेस. आई म्हणते बरं झालं, हात स्वच्छ राहतात.

ठमे, तू बरोबर बसवलं होतंस. तू दुपारी जेवायला गेलीस तेव्हा मला बाहेरचं सील उलटं वाटलं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं आणि नवीन घेऊन माझ्या अकलेने ठोकलं. तुला सांगितलंही नाही, म्हटलं पोरीला कशाला ओशाळवायचं. गिअरबॉक्स उघडला त्या दिवशी कडेवरचा माझ्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा मी पहिल्या नजरेत ओळखला होता. तरी तुझं नाव घेतलं. वर्कशॉप माझ्या नावावर चालतं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, चार वर्षं खवखवतंय. आज सीलं तुझ्या पद्धतीने बसवली आणि नाववाल्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गुडघा चोळत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. जाताना त्याने एवढंच विचारलं, पोरीला सांगितलंत का. म्हणून हे लिहितोय.

तुझाच,
बाबा