हळदीतली दोन घड्याळं

रोडपाली,
गुरुवार, जेवणाआधी

तीर्थरूप काळूराममामांस,

भाचा शिवा याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडताना मनगटं मोकळी आहेत. त्याचं कारण खाली येईल, घाई करू नये.) तब्येत कशी आहे? त्या निसर्गोपचारवाल्यांनी फाटकातच मोबाईल काढून घेतला आणि आता दुधीचा रस पाजून पोटावर माती थापतात असं ऐकलं. मामी म्हणते, माती थापून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या दारातच रस्ता खणून ठेवलाय. पण निशाच्या साखरपुड्याचा कोट तुमच्या अंगात शिरायला हवा, म्हणून आम्ही गप्प आहोत. पत्र धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीतून पाठवतोय. आडवं होऊन वाचा. पोटावर माती असताना माणसाला एकदम उठता येत नाही, ते बरंच आहे.

इकडे सगळं ठीक. म्हणजे माणसं ठीक आहेत. जाताना तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत आणि बजावलंत की आपल्या स्वित्झर्लंडच्या घड्याळाला सेल नसतो, ते हाताच्या हालचालीवर चालतं, पडून राहिलं की बंद पडतं. तेव्हा शिवा, तू तरी कुठे एका जागी बसतोस, रोज घालून हिंड. माझ्या हिंडण्याचा कुणाला उपयोग झाला असा हा पहिलाच प्रसंग. (परवा उरणला आत्याकडे जायला निघालो आणि करंजाच्या लाँचमध्ये बसून रेवसला उतरलो. का, ते आता आठवत नाही. चहा मात्र चांगला होता.) घड्याळ अगदी झकास चालत होतं.

आता माझ्याही हातात तसंच एक घड्याळ असतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यावरून तुम्ही मला चारचौघांत काय काय बोलता तेही सगळ्या गावाला माहीत आहे. पनवेल स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवाल्याकडून घेतलेलं. डबाही देतो तो, हिरवा, आत मखमल. तुमचं म्हणणं, खरं घड्याळ वेळ दाखवत नाही, माणसाची लायकी दाखवतं. माझं म्हणणं असं की खरं घातलेला माणूस गर्दीत हात खिशात घालून चालतो आणि खोटं घातलेला बाही वर करून चालतो. मग मजा कुणाला आली? पण हा वाद तुम्ही माती धुऊन आल्यावर करू. सांगायचं एवढंच, की देवेशरावांना तुम्ही मुलगी दिलीत ती त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून. (ते इंजिनिअर आहेत हे तुम्ही नंतर विचारलंत.) आणि साखरपुड्यात आपलं अस्सल घड्याळ जावयाच्या हातात घालणार, असं पार नाक्यावरच्या भजीवाल्यापर्यंत सांगून ठेवलंत. म्हणून हे पत्र.

शेजारच्या हृतिकची हळद होती. मी तुमचं घड्याळ उजव्या हातात आणि माझं डाव्या हातात घालून गेलो. मांडवात बेंजो सुरू झाला आणि आपल्याकडची हळद तुम्हाला माहीतच आहे, नवऱ्याला बोटभर आणि बाकीच्यांना बादलीभर. तुमचं घड्याळ पिवळं होऊ नये या काळजीने मी दोन्ही काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. (इथपर्यंत माझी काही चूक आहे का? शांतपणे विचार करा.) मग हृतिकच्या काकाने हळदीचं अख्खं भांडं माझ्या खिशातच ओतलं. घरी येऊन दोन्ही घड्याळं धुतली, पुसली, टेबलावर ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं की आता आपल्याला काहीच माहीत नाही.

काटा गुळगुळीत फिरला तर खरं, टकटक करत गेला तर खोटं, असं तुम्ही सांगता. दोन्हींचे गुळगुळीत फिरतात. खरं घड्याळ जड असतं, असंही सांगता. मासळी बाजारात सुमतीमावशीच्या तराजूत एकेका पारड्यात एकेक ठेवलं, तर काटा जागचा हलला नाही. "सुकवून आन, मंग भाव करू," म्हणाली. पनवेलच्या बाजारातल्या एका घड्याळवाल्याने भिंगातून खूप वेळ बघितलं आणि सांगितलं, विकायला आणली असतील तर दोन्ही खोटी आहेत, आणि माझ्याकडून घेणार असशील तर दोन्ही खरी.

मग राहिली गावदेवी. मी दोन्ही घड्याळं घेऊन बुधाजी भगताकडे गेलो, म्हटलं कौल लावा. तो म्हणाला, "लग्नाचा कौल लावलाय, इहिरीचा लावलाय, हरवलेल्या म्हशीचा लावलाय. घड्याल कुनी इचारलं नाय अजून." पण तुमचं नाव सांगितल्यावर देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पहिलं घड्याळ खरं का? डावी पडली. बरं, मग दुसरं खरं का? पुन्हा डावीच. बुधाजी म्हणाला, आई रागावली हाय, नारळ फोड. नारळ फोडला, पुन्हा विचारलं, पुन्हा दोन्हींना डावाच कौल. तेव्हा बुधाजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोबरंसुद्धा न घेता परत आलो.

तर मामा, काळजी नसावी. रस वेळेवर घ्यावा. दोन्ही घड्याळं टेबलावर आहेत आणि वेळ मात्र दोन्ही एकच दाखवतात.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
शिवा

ता.क. तुमच्या घड्याळाची एखादी गुप्त खूण असेल तर उलट टपाली कळवा. साखरपुड्याच्या आत. जावयाच्या हातात माझं गेलं तर नाक्यावर भजी खाणंही बंद होईल, तुमचं आणि माझंही.

ता.क. दुसरा. पिशवी भरताना मामीने पत्र वाचलं आणि ती खाली बसून हसली. खरं घड्याळ तांदळाच्या पिंपात आहे. गेल्या होळीला तुम्ही ते घालून खाडीत उतरलात, त्याच संध्याकाळी तिने ते काढून घेतलं आणि माझ्याच फुटपाथवाल्याकडून दुसरं आणून कपाटात ठेवलं. म्हणजे वर्षभर तुम्ही मला बोललात ते आपण दोघांनी सारखंच वाटून घ्यायला हरकत नाही. देवीने बिचारीने पहिल्या फटक्यात खरं सांगितलं होतं. तिला एक नारळ आणि माफी तुमच्या नावाने देऊन येतो.

ता.क. तिसरा, आणि हा उभं राहून वाचू नका. देवेशराव आत्ता साखरपुड्याच्या पत्रिका द्यायला आले होते. टेबलावरची घड्याळं बघून हळूच म्हणाले, "कुठून घेतलीस? माझ्याचा काटा गळून पडलाय." त्यांचंही स्टेशनाबाहेरचंच. निशाला ठाऊक आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी आपणहून सांगितलं, म्हणून तर मी हो म्हटलं, असं ती म्हणते. सोयरीक मोडायचा विचार मनात आला तर मामीचा निरोप असा आहे की खोट्या घड्याळावरून मुलगा नापास करायचा, तर वर्षभर तेच मिरवणाऱ्याला आधी करावं लागेल. तेव्हा एक देवेशरावांना घाला, एक तुम्ही घाला, कोणतंही कुणीही. राहिलं पिंपातलं. ते बंद पडलंय. त्याला रोज हिंडवणारा माणूस हवा, आणि एका जागी न बसणारा असा तुमच्या घरात मी एकटाच आहे. तांदूळ झटकून ठेवलेत.