मणिकर्णिकेसमोरची सम

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची. बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की दुसऱ्या गल्लीत अन्नपूर्णाकाकूंचं घर, आणि त्यांच्या माडीवरची ही खोली आता माझी. खिडकीतून गंगा दिसते. म्हणजे मान तिरकी केली आणि समोरच्यांनी गोधडी वाळत घातली नसेल तर दिसते. काकूंचं घराणं पाच पिढ्या काशीत आहे. मराठी बोलतात, पण मध्येच गाडी हिंदीच्या रुळावर जाते. मला म्हणाल्या, फिकीर नको करू, पानी सकाळ-शाम येतं, आणि खाली पोटी गायचं नाही, गळा बैठून जाईल. मी मान हलवली. बोलले नाही.

बोलायचं नाही म्हणूनच ही वही. दोन वर्षं माझा गळा गेला होता. स्वरतंतूंवर गाठ आली, ऑपरेशन झालं, मग महिनेच्या महिने तोंडाला कुलूप. आता डॉक्टर म्हणतात, गा, पण दिवसभर बडबड नको. आणि मी तर झोपेतही बोलणारी बाई! तेव्हा जे पोटात राहत नाही ते इथे लिहायचं ठरवलंय.

उद्या नाही, परवापासून काम सुरू. रोज संध्याकाळी अस्सीकडून नदीतून फेरी, पाहुण्यांना जेवण आणि सोबत माझं गाणं. आईला पोचल्याचा फोन केला. ती सांगलीत एकटी. त्या मुक्या दोन वर्षांत तिनंच मला सांभाळलं. फोनवर मी बोटाने टकटक करायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि बाकीचं सगळं संभाषण ती एकटीच करायची. तिची एकच इच्छा आहे, मला पुन्हा बैठकीवर बसलेलं बघायचं. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, गळा पक्का होऊ दे, मग ये.

२० नोव्हेंबर, बुधवार

पहिली फेरी पार पडली. बोट दुमजली आहे. वरच्या मजल्यावर टेबलं, एका कोपऱ्यात आमची गादी. तबल्यावर यज्ञेश, काकूंचा पुतण्या. दिवसा बँकेत, संध्याकाळी इथे. मला ताई म्हणतो आणि लय कधी सोडत नाही, एवढं मला पुरे. बोट शिवराम नावाचे नावाडी चालवतात. साठीचे आहेत, बोलणं मोजकं.

पाहुणे कचोरी, बाटी-चोखा हादडतात आणि मोबाईल वर करून व्हिडिओ काढतात. ऐकत कोणी नाही. मी बिहाग मांडला होता, आणि समोरचे गृहस्थ चटणी संपली म्हणून हाका मारत होते. असो. गळा लागला, हेच खूप झालं.

बोटीवर एक नियम आहे. ललिता घाट गेला की यज्ञेश हात वर करतो. मग गाणं जिथे असेल तिथे थांबवायचं. शिवराम दिवे मंद करतात, मणिकर्णिकेच्या चिता डाव्या हाताला सरकत जातात, आणि सिंधिया घाट मागे पडला की पुन्हा सुरू. यज्ञेश म्हणाला, जे तिथे आलेत त्यांना निघायचं असतं ताई, गाणं ऐकायला कोणी थांबू नये.

कारण पटलं, पण जिवावर आलं. तालाचा फेरा पुरा करून समेवर यायचं, तिथे गाणाऱ्याची, वाजवणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची मान एकदम खाली येते, आणि मगच थांबायचं, हे माझ्या गुरुजींनी अंगात भिनवलंय. अर्ध्यात सोडणं म्हणजे तोंडातला घास काढून ठेवणं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज चुकले. सरळच लिहिते.

पाहुणे उशिरा आले म्हणून शिवरामांनी बोट जरा जोरात घेतली होती. मी द्रुत लयीत होते, डोळे मिटलेले, तान वर जाऊन परत येत होती. तबला थांबलेला कळला. यज्ञेशने हात वर केला असणार तेही कळलं. पण सम चार मात्रांवर होती. चारच. मी नाही थांबले. तबल्याशिवाय, अंधारात, आले समेवर. दोन वर्षांत अशी सम आली नव्हती, खोटं कशाला सांगू.

आणि डाव्या हाताच्या पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणालं, वाह.

ओरडून नव्हे. जाणकार माणूस पहिल्या रांगेत बसून स्वतःशीच म्हणतो तसं. घाट आमच्यापासून बराच लांब होता, तरी अगदी कानाशी ऐकू आलं.

परत येताना यज्ञेश माझ्याकडे पाठ करून बसला. शिवरामांनी उतरताना बोटीवर गंगाजल शिंपडलं आणि मला एवढंच म्हणाले, बिटिया, बुलाना नहीं चाहिए था. मला राग आला. एवढ्या टेबलांत मला एक तरी कान मिळाला, तो यांना सलतोय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कठड्याजवळचं शेवटचं टेबल काल आणि आज रिकामं होतं. पाहुणे तिकडे जातात, खुर्चीला हात लावतात आणि दुसरीकडे बसतात. का, ते त्यांनाही सांगता येत नसावं.

मला मात्र तिथून ऐकलं जातंय. गाणाऱ्याला हे कळतं. एखादी जागा घेतली की समोरून काहीतरी परत येतं, तसं त्या रिकाम्या खुर्चीकडून येत होतं. फेरी संपल्यावर खुर्चीला हात लावून पाहिला. नदीवर हात गारठत होते, आणि खुर्ची गरम होती. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

घाबरायला हवं होतं. मी सुखावले. आता यापुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आज मी चुकून नाही गायले. यज्ञेशने हात वर केलेला उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि मुद्दाम गात राहिले. आज दाद दोघातिघांची आली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी रियाजाला बसले तर वरचा सा नाही. गळा बसलेला नाही, दुखत नाही, खरखर नाही. निषादापर्यंत गेले आणि पुढे नुसती हवा.

काकूंनी मुलेठी, म्हणजे आपलं ज्येष्ठमध दिलं, गुळण्या करायला लावल्या. संध्याकाळी वरचा सा टाळून गायले. मणिकर्णिकेसमोर आज खरंच थांबले, तोंड गच्च मिटून बसले. तर पायऱ्यांवरून वरचा सा आला. लांबलचक, स्वच्छ. तो माझा होता. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात, पण दोन वर्षं मी त्या आवाजाचे जुने टेप ऐकून रडलेय. मला येतो ओळखू.

यज्ञेशलाही ऐकू आला. त्याने तबल्यावर कापड टाकलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

निषाद गेला, धैवत गेला. बोलताना शब्दही तुटताहेत.

आईचा फोन आला. खुशीत होती. काल संध्याकाळी तू फोनवर केवढं सुंदर गायलीस म्हणाली, अगदी पूर्वीसारखं, मला रडू आलं. मी विचारलं, किती वाजता. पावणेआठच्या सुमाराला म्हणाली. पावणेआठला आम्ही मणिकर्णिकेसमोर होतो आणि माझा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

फोन तपासला. आईला लावलेला कॉल नाही. मी तिला सांगायला हवं होतं. पण दोन वर्षांनी तिचा आवाज असा आनंदलेला ऐकला, आणि माझी जीभ उचलली नाही.

२ डिसेंबर, सोमवार

यज्ञेश म्हणतो गाव सोडा ताई, आजच्या आज. काकूंनी तर माझी बॅग भरायला घेतली. म्हणाल्या, ते तुझा गळा तोडून तोडून नेताहेत, सगळा गेला की काय मागतील कोण जाणे.

पण जाऊ कशी? माझा आवाज इथे आहे. सांगलीला मी काय घेऊन जाऊ? पुन्हा ती टकटक? आई पुन्हा एकटीच बोलत बसणार आणि मी भिंतीकडे बघणार? मी रोज बोटीवर जातेय. गायला नाही. परत मागायला.

आज शेवटची तिन्ही टेबलं रिकामी होती. सगळ्या खुर्च्या गरम.

४ डिसेंबर, बुधवार

संपलं. सकाळी उठले तर खालचा सा सुद्धा नाही. खोकल्याचाही आवाज होत नाही.

दुपारी आईचा फोन. ती निघालीय. रात्री पुण्याहून गाडी, परवा दुपारी इथे. मीच म्हणे काल बोलावलं. संक्रांतीपर्यंत थांबू नकोस म्हटलं, कठड्याजवळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय म्हटलं.

मी फोनवर टकटक केली. दोनदा. परत दोनदा. नाही नाही नाही. ती हसली. म्हणाली, बरं बरं, गळा जपतेयस ना, नको बोलू, तू काल सांगितलंच होतंस की दिवसा मी मुकीच असेन. आणि फोन ठेवला.

मेसेज पाठवून उपयोग नाही. तिचा फोन बटणांचा, मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही. यज्ञेशने लावला. तिने ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाली, मैत्रेयीनं मला सांगून ठेवलंय, तिथली माणसं तुला येऊ नको म्हणतील, ऐकू नकोस. मग काकूंनी लावला. तोपर्यंत बंद.

५ डिसेंबर

फोन बंदच. यज्ञेशने आज बोट सोडू नका म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, परवापर्यंतचं बुकिंग फुल आहे. कुणी केलंय ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

आम्ही नव्हतो तरी गाणं झालं. शिवराम सांगत होते. पूर्ण बैठक. तबल्याशिवाय.

६ डिसेंबर, दुपार

स्टेशनवर दोन तास उभी होते. गाडी आली, रिकामी झाली. आई नाही. यज्ञेशने रिक्षावाल्यांना विचारलं. एकाने ओळखलं, काठापदराची साडी, हातात डबा. त्याच्या ओळखीच्या रिक्षात बसून सरळ घाटावर गेली म्हणाला. मुलगी फोनवर रस्ता सांगत होती.

संध्याकाळ

बोटीवर. आई इथे आहे. कठड्याजवळच्या टेबलाशी बसलीय. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. तिने माझा हात थोपटला, अनोळखी बाईचा थोपटावा तसा, आणि म्हणाली, जरा बाजूला व्हा, माझी मुलगी गायला बसेल आता.

प्रवासात चष्मा हरवलाय तिचा. मला तोंड उघडून दाखवता येत नाही की मी कोण. तिचा हात माझ्या गालावर धरला. तिने काढून घेतला.

उतरवायचं म्हटलं तर बोट सुटली. शिवराम म्हणतात, सुकाणू ऐकत नाही. यज्ञेश तिच्या कानाशी ओरडून सांगतोय. ती त्याला गप्प बस म्हणाली. ऐकू दे म्हणाली.

सगळ्या खुर्च्या भरल्यात. दिसत कोणी नाही. काठापर्यंत गरम वाफ आहे.

मी डाव्या हाताने तिचा पदर घट्ट धरलाय. उजव्याने लिहितेय. मोठ्या अक्षरांत लिहून डोळ्यांसमोर धरीन, एखादं तरी अक्षर लागेल —

मुन्शी घाट गेला.

आरती संपलीय. ललिता —

यज्ञेशने हात वर केला. सवयीने. कोण थांबणार.

दिवे गेले. चितांच्या उजेडात लिहितेय. पायऱ्यांवरून बिहाग. माझा. इतका सुंदर मी कधी गायले नाही. आई रडतेय. हसतेय. मान डोलावतेय. उठली —

कठडा. पदर ताणलाय. ती म्हणते बोलावतेय ती, पहिल्या रांगेत जागा आहे —

तान परत फिरली. सम येईल. दाद दिली की जाणार ती. चार मात्रा —

आई ती मी नाही

आई मी इथे आहे तुझ्या शेजारी पदर धरून आई माझ्याकडे बघ

आई हात खाली घे वाह म्हणू न